घड्याळात सब-टू, सर्टिफिकेटवर नाही: दर रेसला होणारा घोळ आणि तो कसा सुटला

पहिले प्रॉब्लेम सांगते. टार्गेट होतं दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन, म्हणजेच सब-टू. २१.०९७५ किलोमीटरला दोन तास म्हणजे पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) येतो ५ मिनिटं ४१ सेकंद, ५:४१. मी सेफ्टी म्हणून ५:४० च्या आतच ठेवते, घड्याळ दर किलोमीटरला टुणटुण करतं, ५:३९, ५:३८, ५:४०, सगळं व्यवस्थित. आणि फिनिशला चिप टाइम, म्हणजे रेसच्या चिपनं मोजलेली, सर्टिफिकेटवरची वेळ, येते २:००:३४. त्याच्या पुढच्या हाफला २:०१:१२. त्याच्या पुढच्या हाफला २:००:१९. तिन्ही वेळा घड्याळातला ॲव्हरेज पेस ५:३९ नाहीतर ५:४०. आणि गंमत म्हणजे स्ट्राव्हा या रनिंगच्या ॲपवर माझी बेस्ट हाफ १:५९:१२ दिसते, कारण ते घड्याळाचे पहिले २१.१ किलोमीटर मोजून मोकळं होतं. म्हणजे ॲपवर मी सब-टू आणि सर्टिफिकेटवर नाही. ग्रुपवर लोकांनी कॉन्ग्रॅट्स पण टाकून दिले होते एकदा, मग मीच सांगितलं की बाप्पा, थांबा जरा.

हे ज्यांचं पण होऊन राहिलं त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मी यात जवळपास वर्ष घालवलं आणि चुकीच्याच गोष्टी दुरुस्त करत बसले.

सुरुवातीला मी घड्याळालाच दोषी धरलं. काऊन, तर रविवारच्या लाँग रनला ते खरंच वेड्यासारखं करायचं. सुरुवातीच्या तीन किलोमीटरात पेस कधी ४:१० दाखवायचं (मी आणि ४:१०, हसू नका), कधी एकदम ८:३०, मॅपवर लाइन रस्ता सोडून कोणाच्या तरी गच्चीवरून गेलेली. पण मंगळवार-गुरुवारी आमच्या नागपुरातली सेमिनरी हिल्स टेकडी आणि फुटाळा तलाव केलं की सगळं ठीक. परत रविवारी बिघाड. मग मी काय काय केलं ते सांगते. घड्याळ रीसेट केलं, सगळा डेटा गेला. अपडेट टाकलं. पट्टा बदलला, ज्याचा जीपीएसशी काही संबंधच नाही. सॅटेलाइटचं सेटिंग नुसत्या जीपीएसवरून 'ऑल सिस्टिम्स'वर नेलं, म्हणजे ग्लोनास, गॅलिलिओ हे दुसऱ्यांचे सॅटेलाइट पण सगळे सोबत, त्यानं बॅटरी लवकर संपायला लागली आणि रविवार तसाच्या तसा. ग्रुपमधला एक पोट्टा म्हणे, ताई नवीन घ्या ना, ड्युअल बँडवालं. घेणारच होते. कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं.

कार्टमध्ये पडून होतं तेवढ्यात आमच्या ग्रुपमधले एक काका, साठीच्या पुढचे, हातात साधं डिजिटल स्टॉपवॉच, ना जीपीएस ना काही, त्यांनी पोहे खाताना विचारलं की दहाच्या बोर्डाजवळ तू किती वाजता होतीस. म्हटलं काका, माझं दहा किलोमीटर ५६:३० ला झालं. ते म्हणे, तुझं घड्याळ सोड, रस्त्यावर जो दहाचा बोर्ड लागतो ना, तिथं किती झाले होते? मला सांगताच येईना. तीन हाफ पळाले आणि एकदाही बोर्ड पाहून वेळ पाहिली नव्हती. काकांनी तर्री अजून थोडी मागून घेतली आणि विषय बदलला, पण माझ्या डोक्यात तेच चालू राहिलं.

घरी येऊन तिन्ही रेसचं एकूण अंतर काढलं. २१.३४, २१.४१, २१.२९. म्हणजे घड्याळाच्या हिशोबात मी दर वेळी दोनशे ते तीनशे मीटर जास्त पळालेली. आता ५:३९ नं २१.०९७५ केलं तर १:५९:१२ येतं, हेच ते स्ट्राव्हावालं. आणि त्याच ५:३९ नं २१.३४ केलं तर २:००:३४. सेकंदाचा फरक नाही. माझा पेस ठीक होता, घड्याळाचं गणित पण ठीक होतं, फक्त फिनिश लाइन घड्याळाच्या २१.१ वर नव्हती, पुढं होती.

आता प्रश्न असा की हे जास्तीचे २४० मीटर आले कुठून. मला वाटलं रविवारचाच रोग. म्हणून म्हटलं नीट तपासूच.

एका ओळखीच्या रस्त्याच्या ठेकेदाराकडून ते चाक आणलं, लांब दांड्याचं, जमिनीवर ढकलत न्यायचं आणि वर आकडे फिरतात, रस्ता मोजायला वापरतात ते. सकाळी साडेपाचला फुटाळ्याच्या चौपाटीवर ते ढकलत चालले. एक आजोबा थांबून विचारायला लागले की रस्ता रुंद होऊन राहिला का, कोणाची टपरी जाणार. म्हटलं नाही हो आजोबा, घड्याळ तपासून राहिले. त्यांचा काही विश्वास बसला नाही. पाचशे मीटरवर खडूनं रेघ मारली, जाऊन-येऊन एक किलोमीटर, तीनदा पळाले. घड्याळात १.००, १.०१, १.००. म्हणजे घड्याळ चांगलं.

मग तेच चाक घेऊन वर्धा रोडला. आमचा रविवारचा ग्रुप छत्रपती चौकात मेट्रो स्टेशनखाली जमतो, गाड्या लावायला सावली बरी म्हणून, आणि तिथूनच खालून खालून एअरपोर्टकडे. तिथं एक किलोमीटर मोजला आणि तीनदा पळाले. १.०४, १.०६, १.०३. आणि मॅपवर लाइन परत गच्चीवर.

मग वर पाहिलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. वर्धा रोडचा तो डबल डेकर आहे, ३.१४ किलोमीटरचा, खाली आपला रस्ता, त्याच्यावर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो, २०२२ मध्ये गिनीजमध्ये गेला तोच. आपण सगळ्यांनी त्याचे फोटो टाकले होते. छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर ही तिन्ही स्टेशनं त्याच्यावरच. म्हणजे मी दर रविवारी काँक्रीटच्या दोन मजल्यांखाली उभी राहून घड्याळाला म्हणत होते की आकाशातले सॅटेलाइट शोध.

होतं काय, तर सिग्नल सरळ न येता खांबांवर, बाजूच्या बिल्डिंगवर आपटून येतो, आपटून आला की उशिरा येतो, आणि घड्याळ तो उशीर म्हणजे अंतर समजतं. त्यामुळं तुमचा ठिपका डावीकडं-उजवीकडं उडतो, आणि नागमोडी लाइन सरळ लाइनपेक्षा लांबच भरणार. ड्युअल बँडवाली घड्याळं एल-१ सोबत एल-५ ही दुसरी फ्रिक्वेन्सी पण ऐकतात, त्यांना हा आपटून आलेला सिग्नल ओळखणं सोपं जातं, म्हणून बिल्डिंगांमध्ये ती बरी चालतात. पण डोक्यावर पक्कं छत असेल तर त्यांची पण दांडी उडते. म्हणून नवीन घड्याळाचे पन्नास हजार वाचले.

रविवारचा उपाय असा केला. एक, घड्याळ खाली चालूच करत नाही. पुलाच्या बाहेर, मोकळ्या आकाशात येऊन स्टार्ट दाबायच्या स्क्रीनवर ठेवते आणि 'रेडी' आलं तरी अजून दोनेक मिनिटं थांबते, तेवढ्यात बुटाची लेस, घोटभर पाणी. रेडी म्हणजे काम चालण्यापुरते सॅटेलाइट मिळाले इतकंच, अजून मिळत राहतात. दोन, पुलाखालून जातानाचा पेस पाहतच नाही. ज्यांना इलाजच नाही, तिथंच पळावं लागतं, त्यांनी बुटावर लावायचा, पावलांवरून पेस काढणारा फूट पॉड घ्यावा आणि घड्याळात पेस त्याच्यावरून घ्यायचं सेटिंग करावं, त्याला आकाशाशी काही देणंघेणं नाही. फक्त आधी एकदा मोजलेल्या अंतरावर कॅलिब्रेट करून घ्यायचा.

अजून एक भानगड निघाली मधातच. घड्याळ फोनशी सिंक होतं तेव्हा पुढच्या काही दिवसांत कोणता सॅटेलाइट कुठं असेल त्याची फाइल खाली उतरवतं, त्यामुळं लॉक पटकन मिळतो, म्हणजे सॅटेलाइट लवकर सापडतात. माझ्या फोननं बॅटरी वाचवायच्या नावाखाली ते ॲप मागं बंद करून टाकलं होतं, त्यामुळं फाइल शिळी. तुम्हाला लॉक यायला चार-पाच मिनिटं लागत असतील तर पहिले हे पाहा: फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचं बंधन काढायचं, आणि शनिवारी रात्री एकदा हातानं सिंक करायचं. फुकटचा उपाय आहे.

आता खरा मुद्दा. हे सगळं झाल्यावर मी खूश, की चला रोग सापडला. पण रेस काही डबल डेकरखाली नव्हत्या! तिन्ही मोकळ्या रस्त्यावर. आणि मोकळ्या रस्त्यावर तर माझं घड्याळ फुटाळ्यावर बरोबर निघालं होतं. मग २१.३४ का?

कारण मी खरंच जवळपास तेवढंच पळाले होते. हे पचायला वेळ लागला. रविवारचा घोळ हा जीपीएसचा आणि रेसचा घोळ हा माझ्या पायांचा, दोन वेगळे आजार आणि लक्षण एकच, म्हणून मी वर्षभर एकाचं औषध दुसऱ्याला देत बसले.

रेसचा कोर्स नीट मोजलेला असेल तर तो मोजतात सायकलीनं, पुढच्या चाकाला काउंटर लावून, आणि वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, म्हणजे माणूस जाऊ शकेल त्या सगळ्यात जवळच्या रस्त्यानं. वरून कोर्स चुकून कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. म्हणजे हाफमध्ये २१ मीटर तर असेच गेले. बाकीचे आपले आपण वाढवतो. मी माझ्या रेसचा मॅप झूम करून पाहिला तर प्रत्येक वळणावर मॅडम बाहेरच्या बाजूनं. काटकोनी वळण चार मीटर बाहेरून घेतलं की सहा मीटर जास्त, अशी वीस वळणं धरा, झाले सव्वाशे मीटर. मग सुरुवातीच्या गर्दीत याला डावीकडून काढ, त्याला उजवीकडून काढ. मग पाण्याचं टेबल डावीकडं आणि मी उजव्या कडेला, तिरपं जाऊन तिरपं परत. (संत्र्याच्या फोडी देतात ना, तिथं तर मी रस्ता ओलांडूनच जाते, ते काही सुटणार नाही.)

म्हणून उपाय घड्याळात कमी आणि सवयीत जास्त. ऑटो लॅप बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं. ऑटो लॅप घड्याळाच्या किलोमीटरवर वाजतो, तो बोर्डाच्या आधी वाजतो आणि जसजसे पुढं जाल तसतसा अजून अजून आधी वाजतो, अठराव्या किलोमीटरला दोनशे मीटर आधी. तुम्हाला वाटतं आपण टार्गेटच्या पुढं आहोत. ते बंद करून बोर्ड आला की स्वतः लॅपचं बटण दाबायचं. एखादा बोर्ड चुकीच्या जागी लावलेला असतो, व्हॉलंटिअर पोरं खांब मिळेल तिथं बांधतात, त्यामुळं एका लॅपवरून घाबरायचं नाही, पुढच्या बोर्डाला हिशोब बसतो. स्क्रीनवर मी आता दोनच गोष्टी ठेवते, एकूण वेळ आणि लॅप पेस. त्या क्षणाचा पेस काढूनच टाकला, तो मोकळ्या आकाशाखाली पण नाचतो.

आणि हातावर पेननं चार आकडे. १:५९:३० साठी ५ ला २८:१९, १० ला ५६:३८, १५ ला १:२४:५८, २० ला १:५३:१७. शेवटच्या १.१ ला सव्वासहा मिनिटं उरतात. बोर्डाजवळ हाताकडं पाहायचं, घड्याळाकडं पाहायचं, पुढं किंवा मागं किती ते कळतं, डोकं चालवायला लागत नाही, आणि पंधराच्या पुढं कोणाचं डोकं चालतं. घाम आला की साधं बॉलपेन पुसतं, परमनंट मार्कर घ्या. ज्यांना घड्याळाचाच पेस पाहायचा आहे त्यांनी अंतर २१.०९७५ न धरता स्वतःच्या जुन्या रेसचं ॲव्हरेज धरावं, माझ्यासाठी २१.३५ धरलं तर पेस ५:३६ निघाला. म्हणजे मी वर्षभर चार सेकंदांनी हळू पळत होते आणि मला माहीतच नव्हतं.

प्रॅक्टिससाठी एक सांगते. बरेच जण मानकापूरला विभागीय क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर जातात आणि घड्याळानं ४०० च्या जागी ४३० दाखवलं की घड्याळाला शिव्या देतात. अहो, ४०० मीटर फक्त पहिल्या लेनला. दुसऱ्या लेनचा राउंड ४०७ होतो, सहाव्याचा जवळपास ४३८ आणि आठव्याचा ४५३. तुम्ही गप्पा मारत बाहेरच्या लेननं पळत असाल तर घड्याळ खरं बोलून राहिलंय. पुष्कळ घड्याळांत ट्रॅक मोड असतो, तो लेन नंबर विचारतो, तो वापरा.

आता हार्ट रेटवाल्यांसाठी थोडं, कारण हिवाळा लागला की ग्रुपवर हाच विषय चालू होतो: हळू पळून राहिलो तरी १७४ का दाखवतं, मला काही झालं तर नाही ना. पहिले हे करा की त्याच रनचा कॅडन्स पाहा. मिनिटाला पावलं १७२ आणि हार्ट रेट १७४, दोन्ही लाइन एकमेकींवर बसलेल्या असतील तर घड्याळ तुमचं हृदय मोजत नाही, तुमची पावलं मोजतंय. मनगटावरचा हिरवा लाइट कातडीखालचं रक्त किती येतं-जातं ते पाहतो, आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटे हातातलं रक्तच आत ओढलं जातं, सिग्नल बारीक होतो, आणि मग हाताचा झटका हाच ठोका समजून घड्याळ त्याला धरून बसतं. पट्टा एक घर घट्ट करायचा, घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर न्यायचं, फुल बाहीच्या आत ठेवायचं, आणि पहिली दहा मिनिटं हात गरम होईस्तोवर आकड्याकडं दुर्लक्ष करायचं. पळणं थांबवून बोटानं मानेवर पंधरा सेकंद ठोके मोजून चारनं गुणा, लगेच कळतं कोण खोटं बोलतंय. मोजल्यावर पण खरंच जास्त निघत असेल, किंवा छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर घड्याळाचा विषय सोडा आणि डॉक्टरकडं जा.

छातीचा पट्टा घेतला की हे जातं. पण त्याची आपल्याकडं वेगळीच तऱ्हा आहे, तो हिवाळ्यात छान चालतो आणि एप्रिल-मे मध्ये बिघडतो. हवा इतकी कोरडी की पॉलिस्टरचा टी-शर्ट घासून घासून करंट तयार करतो, काढताना चटचट आवाज येतो ना तोच, आणि पट्टा त्यालाच ठोका समजतो. पहिल्या दोन किलोमीटरात २१० वगैरे, मग घाम आला की आपोआप सुधारतो. पट्ट्याच्या आतल्या दोन पट्ट्या नळाखाली चांगल्या ओल्या करून घालायच्या, टी-शर्ट थोडा ढिला नाहीतर सुती, आणि तरी ऐकत नसेल तर आतला सेल बदलून पाहायचा, तो बऱ्याच पट्ट्यांत घड्याळाच्या दुकानात मिळणारा गोल सीआर-२०३२ असतो. मी एकदा सेल बदलायच्या आधीच पट्टा टाकून देणार होते.

तर मागच्या हाफला हे सगळं लावून पळाले. ऑटो लॅप बंद, हातावर मार्कर, वळणं आतून. दहाच्या बोर्डाला ५६:३१, सात सेकंद पुढं. पंधराला १:२४:५५, तीनच सेकंद पुढं, आणि तिथं पोट आवळलं, कारण आधी याच ठिकाणी घड्याळ मला अर्ध्या मिनिटाचं खोटं समाधान द्यायचं. सतराजवळ एका दादाचं घड्याळ वाजलं, ते म्हणे चला ताई, आरामात होते सब-टू, चार किलोमीटर चहा पीत जाऊ. सतराचा बोर्ड तोवर दिसला पण नव्हता. म्हटलं दादा, बोर्ड येऊ द्या. वीसला १:५३:२५, आता आठ सेकंद मागं, आणि शेवटच्या एक किलोमीटरात मी काय पळाले ते मला आठवत नाही, फक्त कोणीतरी "चप्पल मारून पळ" असं ओरडलं ते आठवतं. चिप टाइम १:५९:४१. घड्याळात अंतर २१.३६! म्हणजे वळणं आतून घेऊन सुद्धा जास्तच, संत्र्याची फोड होती बहुतेक. घड्याळाचा पेस ५:३६.

काकांना मेसेज केला. त्यांनी उत्तर दिलं की छान, आता बोर्डाला ५ ला किती होते ते सांग. ते मी मार्करच्या आकड्याशी जुळवलं होतं पण लॅप दाबायला विसरले होते.

सप्टेंबरात साताऱ्याच्या हिल हाफला जायचं चाललंय. तिथं यवतेश्वरचा घाट, आधी चढ आणि परत येताना उतार, म्हणजे हातावरचे हे सारख्या पेसचे चार आकडे काही कामाचे नाहीत. आधी कोणी तिथं पळालं असेल तर घाट चढताना दर किलोमीटरला किती सेकंद जास्त धरायचे ते सांगा, नागपुरात चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि तो संपतो कधी ते कळत पण नाही.